मोटारीचा उजवा पाय

व्याह्यांच्या मोटारीला छत्री लावून तिची रुंदी मोजताना पकडले गेलेले जानराव मास्तर हे वाशीम गावातले बहुधा पहिलेच गृहस्थ असावेत. उकंडराव व्याही जेवण आटोपून ओट्यावर हात धुवायला आले, तेव्हा मास्तर भर रस्त्यात मोटारीपुढे वाकून उभे होते. छत्रीची मूठ एका दिव्याला टेकली होती आणि टोक दुसऱ्या दिव्यापर्यंत पोचत नव्हते.

"काय करून राह्यले मास्तर?"

"काही नाही. धूळ झटकत होतो."

"छत्रीनं?"

यावर मास्तरांना उत्तर सुचले नाही. त्यांना उत्तरे सहसा दुसऱ्या दिवशी सुचत. सारा जन्म शाळेत प्रश्न विचारण्यात गेल्यामुळे हा दोष कधी उघड झाला नव्हता इतकेच. त्यांनी छत्री उघडली, कोरडे ठणठणीत ऊन असताना डोक्यावर धरली आणि तशीच धरून घरात शिरू लागले. छत्री दारात अडकली. पण मोजमाप झाले होते. मोटारीची रुंदी दीड छत्री आणि वर चार बोटे.

हे मोजमाप कशासाठी, ते सांगायला हवे. मास्तरांची एकुलती एक लेक विजयमाला मानोऱ्याकडच्या उकंडरावांच्या घरी दिली होती. घर मोठे, माणसे भली. उकंडराव तर मनाने इतके मोकळे की रस्त्यात भेटलेल्या कोणालाही मोटारीत बसवून त्याच्या गावाच्या पुढे नेऊन सोडायचे. पण त्यांचा एक नियम होता. मोटार रात्री उघड्यावर राहायची नाही. लग्नानंतर ते पहिल्यांदा वाशीमला आले, तेव्हा समोरच्या रंगूबाईंची शेळी लिंबाचा पाला खायला मोटारीच्या टपावर चढली होती आणि खाली उतरायचे तिने बराच वेळ मनावर घेतले नव्हते. तेव्हापासून मोटार सकाळी यायची आणि दिवस कलायच्या आत परत जायची. तिच्यात बसून आलेली विजयमालाही तिच्यात बसूनच परत जायची. दुसरी सोय नव्हती, कारण मोटारीच्या घरची सून बैलबंडीत बसून माहेरी गेली तर लोक काय म्हणतील, हा उकंडरावांचा दुसरा नियम होता.

लग्नाला दोन वर्षे होऊन गेली, पण लेक माहेरी एक रात्र राहिली नव्हती.

"पोरीच्या डोक्शाले तेलाचं बोट लावलं नाई म्या," चतुराबाई, म्हणजे मास्तरांचे कुटुंब, एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "तिच्या केसाची गाठ सोडाव तं भोंगा वाजते. भोंगा वाजला का व्याही मोटारीत, अन् व्याही मोटारीत का पोरगी मोटारीत."

त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पोळी मात्र त्या दिवशी फार पातळ झाली. मास्तरांनी ती पाहिली आणि त्यांच्या मनाने घेतले की आपण मोटारखाना करायचा.

घराला लागून बंडी ठेवायची मोकळी पडवी होती. बैल विकल्यापासून तिथे मोडके चाक, कडबा आणि मास्तरांची वाळवी लागलेली पुस्तके नांदत होती. कोणत्याशा साप्ताहिकात मास्तरांनी वाचले होते की उत्तम मोटारखान्याला तीन गोष्टी लागतात. खाली पक्की जमीन, बाजूला सामानाची व्यवस्था आणि वर भरपूर उजेड. त्यांनी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला, कारण एकदा वाचून आपल्याला काही कळते यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग पेन्सिलीने एक नकाशा काढला. नकाशात मोटार फार सुरेख आली होती. जरा बैलासारखी दिसत होती, पण सुरेख होती.

नकाशा घडी करून खिशात ठेवला होता तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत तो साऱ्या गल्लीला पाठ झाला. नाक्यावर रामधनचे किराणा दुकान होते. गल्लीतला माणूस तिथून मीठ घेऊन यायचा तो सोबत सल्लाही घेऊन यायचा, आणि सल्ला तोलून देण्याची रामधनला सवय नव्हती.

"मास्तर, मोटार घेतली म्हन्ते?"

"नाही हो."

"मंग मोटारखाना कायले?"

"व्याह्यांच्या मोटारीसाठी."

"ते काय कायमची ठेवून राह्यले का इथं?"

"नाही. अधूनमधून."

रामधनने थोडा विचार केला. "मंग असं करा, मास्तर. भित्ती नका बांधू. मोटार आली का वरून ताडपत्री टाका. ते बी नको. शेळीच इकून टाका रंगूबाईची."

शेळी विकायला रंगूबाईंची तयारी नव्हती. उलट शेळीची बदनामी झाल्याबद्दल त्या दोन दिवस मास्तरांशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, कारण सल्ला द्यायचा राहिला होता.

पडवीच्या रस्त्याकडच्या मोकळ्या बाजूला दार बसवायचे तर परवानगी हवी, असे कळल्यावर मास्तर एका कचेरीत गेले. ती कोणती हे सांगण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या कारकुनालाही ते नक्की ठाऊक असावे असे त्याच्या वागण्यावरून दिसत नव्हते.

"मोटारीचा नंबर?" कारकुनाने मान वर न करता विचारले.

"मोटार माझी नाही."

"मग ज्याची आहे त्यानं अर्ज करावा."

"ते मानोऱ्याकडे राहतात."

"मग मोटारखाना मानोऱ्याकडे बांधा."

हे इतके बिनतोड होते की मास्तर नमस्कार करून बाहेर आले आणि अर्ध्या वाटेवर पोचल्यावर त्यांना वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी उत्तर सुचले तेव्हा ते परत गेले. पण त्या दिवशी कारकून रजेवर होता. पुढच्या खेपेला कारकून होता, पण मास्तर उत्तर विसरले होते. अखेर कारकुनालाच त्यांची दया आली. मोटारखान्यासाठी वेगळी जागाच त्याच्या कागदात नव्हती, गोठ्यासाठी होती. म्हणून त्याने लिहिले, गोठा, जुना, दुरुस्ती. जनावर, एक. वास्तव्य, अधूनमधून.

"रंग?" त्याने विचारले.

"हिरवा," मास्तर म्हणाले. छत्रीचा तो एक प्रसंग सोडला तर ते खोटे बोलत नसत.

कारकुनाने तेही लिहून घेतले.

आता जमीन. जमशेद मिस्त्री नावाचे एक गवंडी होते. त्यांनी पडवीत उभे राहून पायाने माती उकरून पाहिली आणि चुन्याचा कोबा करायचे ठरवले. रंगूबाई शेणाच्या बाजूच्या होत्या. "जानराव, बाप्पा, शेन सारव. शेनाच्या जमिनीले काई येत नाई अन् काई जात नाई." रामधनने फरशी सुचवली, मग लाकूड सुचवले, मग वाळू. जमशेद मिस्त्रींनी सर्वांचे शांतपणे ऐकून घेतले आणि चुन्यात टाकायला गूळ आणि बेलफळे मागवली.

"गूळ?" मास्तरांनी बिचकत विचारले.

"गूळ नाई पडला तं चुना रुसते, मास्तर."

चुना रुसला नाही. मुंग्या मात्र खुश झाल्या. वाशीमच्या कोणकोणत्या भागातून त्या आल्या ते सांगवत नाही, पण त्यांची रांग रामधनच्या गुळाच्या ढेपा सोडून मोटारखान्याकडे वळली, असे स्वतः रामधनने जरा दुखावलेल्या आवाजात सांगितले. बाया रांगेने बसून थापीने कोबा ठोकत होत्या आणि ठोकता ठोकता मास्तरांच्या व्याह्यांवर एक गाणे रचत होत्या. मास्तर तिथून जात तेव्हा गाणे थांबे आणि हसू सुरू होई. जमिनीला उतार हवा हे सर्वांना मान्य होते. कुठल्या बाजूला हवा यावर दोन मते पडली. जमशेद मिस्त्रींना कोणालाच दुखवायचे नव्हते. त्यांनी दोन्हीकडून उतार दिला. पाणी टाकून पाहिले तेव्हा ते बरोबर मधोमध साचले.

तरी जमीन सुरेख झाली, यात शंका नाही. ती इतकी गुळगुळीत आणि स्वच्छ होती की दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर पाहायला गेले तर तिच्यावर पापड वाळत होते.

"मोटार येईपर्यंत," रंगूबाई म्हणाल्या.

हे तीन शब्द पुढे मास्तरांना वारंवार ऐकायचे होते. रामकिसन सुताराने दोन्ही भिंतींना मास्तरांच्या नकाशाप्रमाणे भक्कम फळ्या ठोकल्या. एक पेट्रोलच्या डब्यांसाठी, एक पंपासाठी, एक जास्तीच्या चाकासाठी. संध्याकाळपर्यंत त्यांवर चतुराबाईंच्या लोणच्याच्या बरण्या आल्या. "मोटार येईपर्यंत." रंगूबाईंचा सांडग्यांचा डबा आला, कोणाचा पाळणा आला, कोणाचे रुखवताचे ताट आले, रामधनची दोन पोती आली. मास्तरांना एक कोपरा आपल्या पुस्तकांसाठी हवा होता, पण लोकांचा इतका विश्वास बसलेला पाहून त्यांना मागायची लाज वाटली. पुस्तके पुन्हा घरात खाटेखाली गेली.

उजेडाचे काम रऊफकडे होते. लग्नाकार्यात गॅसबत्त्या भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. त्याने छपरात एक काचेचे कौल बसवले आणि आढ्याला एक बत्ती टांगली. "मास्तरसाब, ये बत्ती लावली का मोटारीचे दिवे शरमून जातीन." पहिल्या संध्याकाळी बत्ती पेटवून पाहिली आणि अर्धी गल्ली आत येऊन बसली. कोणी सागरगोटे आणले, कोणी तांदूळ निवडायला आणले. रामधनने वर्तमानपत्र आणले आणि मास्तरांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे असे ठरले. मास्तरांना चारचौघांत वाचायचा संकोच वाटे. त्यांनी इतक्या हळू वाचले की लोकांना बातम्या आपापल्या मनाने भरून घ्याव्या लागल्या, आणि त्या मूळ बातम्यांपेक्षा बऱ्या निघाल्या.

राहता राहिले दार.

पडवीला आजवर दार नव्हते, बांबूची ताटी होती. मोटारखान्याला मात्र दोन फळ्यांचे रुंद दार हवे, म्हणजे चौकट आली. दीड छत्री, चार बोटे आणि शिवाय दोन्ही बाजूंना एकेक हात मोकळा, असे माप मास्तरांनी रामकिसनला दिले. रामकिसनने सागाचे जुने लाकूड शोधून काढले. दार कसे हवे हे मास्तरांना कळत नव्हते आणि ते तसे बोलूनही दाखवत. रामकिसनला मात्र दार म्हणजे काय ते पुरते ठाऊक होते. चौकट म्हणजे दोन बाजू, एक कपाळपट्टी आणि खाली उंबरठा. उंबरठा वीतभर उंच, कडेला नक्षी, मधोमध कमळ.

"उंबरठा असावाच का?" मास्तरांनी एकदा विचारले होते. का विचारले ते त्यांना सांगता आले नसते. काहीतरी खुपले होते.

"तीन लाकडाची चवकट म्या नाई केली, मास्तर, अन् माह्या बापानंबी नाई केली. उंबरठा नाई तं लक्ष्मी कायले थांबन घरात? अन् साप कुठं थांबन?"

लक्ष्मीला आत आणि सापाला बाहेर थांबवणारे हे लाकूड मास्तरांना पटले. ज्या गोष्टी इतर सर्वांना पटतात त्या आपल्याला पटत नसतील तर दोष आपलाच, अशी त्यांची जुनी समजूत होती.

चौकट बसवायचा समारंभ रीतसर झाला. उंबरठ्याखाली नाणे, हळकुंड, सुपारी ठेवली. गुरुजींनी मंत्र म्हटले. गल्लीतल्या बायांनी हळद-कुंकू वाहिले, नारळ फुटला, पुरण झाले. जमशेद मिस्त्रींनी उंबरठ्याच्या दोन्ही कडा चुन्याने अशा पक्क्या केल्या की तो आता घराचाच नव्हे तर गावाचा भाग झाला. त्यानंतर आत जाता-येता मास्तरांच्या पायाचा अंगठा त्या उंबरठ्याला रोज ठेचकाळू लागला.

"पाहून चाला न, मास्तर," सारे म्हणत.

मास्तर ओशाळून म्हणत, "माझंच लक्ष नसतं."

वाचकांच्या लक्षात एव्हाना काय ते आले असेल. पण वाचक दूर बसलेला आहे. दाराला उंबरठा असतो ही गोष्ट त्या गल्लीत सकाळी सूर्य उगवतो तशी होती. तिच्याबद्दल कोणी विचार करत नसे.

वसुबारसेच्या दिवशी मोटार आली. मास्तरांनी पत्र घातले होते आणि उकंडरावांनी निरोप धाडला होता की जागा पाहू, पसंत पडली तर रात्रभर राहू, नाही तर दिवे लागायच्या आत निघू. मोटारखान्यातली पोती बाहेर काढली होती, पापड उचलले होते. बरण्या राहू दिल्या, कारण त्या मोटारीच्या वाटेत येत नव्हत्या असे सर्वांचे मत पडले. दाराला आंब्याची डहाळी, उंबरठ्यावर ताजी रांगोळी. विजयमाला उतरली, आईच्या गळ्यात पडली आणि सवयीने म्हणाली, "आई, लवकर बोल, भोंगा वाजन."

"आज नाई वाजत," चतुराबाई म्हणाल्या आणि मोठ्या अभिमानाने मोटारखान्याकडे पाहिले.

रामकिसनने दोन्ही फळ्या उघडल्या. रऊफने भर दुपारी बत्ती पेटवली. उकंडरावांनी आत डोकावून पाहिले, जमिनीवर काठी आपटली, बत्तीकडे पाहून डोळे मिचकावले आणि म्हणाले, "मास्तर, मानलं. माह्या घरी बी अशी जागा नाई." मास्तरांचे कान लाल झाले. आयुष्यात कोणीतरी आपल्याला मानले आहे, तेव्हा काहीतरी चुकत असले पाहिजे, असे त्यांना लगेच वाटून गेले.

उकंडराव मोटारीत बसले आणि वळवायचे चक्कर हातात धरले. मोटार घुरघुरली, वळली, सरळ झाली, पुढे आली. पुढची दोन्ही चाके उंबरठ्याला टेकली आणि मोटार थांबली.

गल्ली थांबली. 

उकंडराव खाली उतरले. त्यांनी उंबरठ्याकडे पाहिले. "हे काय हाय?"

"साग हाय, साहेब," रामकिसन अदबीने म्हणाला. "अस्सल."

"मोटार याच्यावरून कशी जाईन?"

सर्वांनी उंबरठ्याकडे जणू पहिल्यांदाच पाहिले. मग रंगूबाई म्हणाल्या, "मानूस कसा जाते? पाय उचलून."

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. आपल्या अंगठ्याने इतके दिवस जे सांगितले ते आपल्याला कळले नाही, एवढेच त्यांच्या मनात येत होते. त्यांनी विजयमालेकडे पाहिले नाही. चतुराबाईंकडे तर मुळीच पाहिले नाही.

उकंडराव पुन्हा मोटारीत बसायला निघाले. "चला सूनबाई. येळ होईन."

आणि मग गल्लीचे तोंड उघडले. रामधन म्हणाला, उंबरठा कापा. रंगूबाई उंबरठ्यावर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, आधी मला कापा, मग लक्ष्मीला कापा, सणासुदीचे दिवस आहेत. रामकिसन म्हणाला, पूजलेल्या उंबरठ्याला तुळशीचे लग्न लागेपर्यंत मी करवत लावणार नाही, आणि लग्नानंतर लावीन असेही म्हणत नाही. जमशेद मिस्त्री म्हणाले, बाहेरून मातीचा उतार करू, चार दिवसांत वाळेल. रऊफ म्हणाला, बांबू आणा. त्याच्याकडे मांडवाचे जाड बांबू होते. चार बांबू खालून घालून मोटार उचलायची आणि उंबरठ्यावरून आत ठेवायची. त्यात काय, लग्नात नवरदेवाला नाही का उचलत?

हा सल्ला सगळ्यांना एकदम पसंत पडला. उकंडराव नाही म्हणेपर्यंत बांबू आले, माणसे आली, खाली कोण कुठे धरणार हे ठरले.

"थांबा!" रंगूबाई उंबरठ्यावरून उठल्या. "पयले उजवा पाय. उंबरठा नवा हाय. उजवा पाय आत पडला पायजे, नाई तं नेऊ नका."

"मोटारीले पाय असते का, रंगूबाई?" रामधन म्हणाला.

"चाकं हाय तेच पाय."

"मंग चार झाले. म्हशीचा उजवा पाय कोनता असते?"

"म्हशीचा बी पुढचा उजवाच असते. तुह्या दुकानात म्हैस नाई म्हून तुले माईत नाई."

यावर दोन तट पडले. मोटारीची उजवी बाजू बसणाऱ्याच्या हिशेबाने धरायची की समोरून पाहणाऱ्याच्या? कोणी म्हणाले, मोटार निर्जीव, तिला उजवे-डावे नाही. मास्तरांना आठवले की कचेरीच्या कागदात ती जनावर आहे, हिरवे. पण ते बोलले नाहीत. बोलले उकंडराव. इतका वेळ ते घड्याळ काढून उभे होते. ते घड्याळ खिशात गेले.

"अरे, आयका," ते पुढे येत म्हणाले. "चक्कर कोनत्या बाजूनं हाय? उजव्या. म्हनजे मोटारीचा उजवा हात इकडे, अन् उजवा पाय त्याच्या खाली. साधी गोष्ट हाय. पयले हे चाक उचला. सूनबाई, तुमच्या आईले कुंकू आनाले सांगा."

चतुराबाईंनी मोटारीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पुढच्या उजव्या चाकाला कुंकू लावले. जमशेद मिस्त्रींनी आवाज दिला, उकंडरावांनी आत बसून चक्कर धरले आणि सारी गल्ली बांबूंना लागली. मोटार हलकेच उचलली गेली. पुढचे उजवे चाक उंबरठ्यावरून नववधूच्या पावलासारखे अलगद आत टेकले. मग डावे. मग मागची दोन. बायांनी आपोआप गाणे धरले. ते व्याह्यांवर रचलेलेच होते, पण आता थांबवायला फार उशीर झाला होता, आणि उकंडरावांनाही ते आवडलेले दिसले.

मोटार आत गेल्यावर कळले की मास्तरांनी दाराचे माप दिले तेव्हा आतल्या भिंतींवरच्या फळ्या मोजायच्या राहिल्या होत्या. मोटारीच्या दोन्ही बाजूंना त्या अशा लागून आल्या की मोटारीचे एकही दार उघडेना. उकंडराव कापडी टप मागे दुमडून, तो मागच्या बैठकीवरून ओलांडून, एक हात मास्तरांच्या खांद्यावर आणि दुसरा लोणच्याच्या बरणीवर ठेवून बाहेर आले. उंबरठा ओलांडताना त्यांचा अंगठा ठेचकाळला.

"पाहून, पाहून!" सारी गल्ली एका सुरात म्हणाली.

त्या रात्री विजयमाला माहेरी झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव फराळ करून, पागोटे बांधून, मोटारखान्यापुढे येऊन उभे राहिले. त्यांनी शांतपणे रामधनला सांगितले, "भाऊ, मोटार काढाची हाय. मानसं बोलवा."

रामधनने कमरेला हात लावला. काल मोटार उचलताना पाठीत काहीतरी भरले होते. वैद्याने वजन उचलू नये म्हणून सांगितले होते. कोणत्या वैद्याने, हे त्याला सांगता येईना. जमशेद मिस्त्रींना मालेगावला जायचे होते. ते उभे मात्र इथेच होते आणि उकंडरावांशी बोलणे झाल्यावरही इथेच उभे राहिले. रऊफ म्हणाला, बांबू तर दुसऱ्या लग्नाला गेले. दिवाळीत लग्न कुणाचे, असे उकंडरावांनी विचारले, तर रऊफने आकाशाकडे पाहिले. बांबू त्याच्या पाठीमागे भिंतीला टेकून होते. रामकिसनने उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मला काही विचारू नका असे म्हणाला. रंगूबाईंनी एवढेच सांगितले, "आलेली लक्ष्मी असी उलट्या पावली पाठवत नाई, बाप्पा."

 उकंडरावांनी एकेका तोंडाकडे पाहिले. ज्या गल्लीत रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही जोडा कुठे चावतो ते सांगितले जाई, तिथे त्या सकाळी कोणाजवळ एक सल्ला नव्हता.

मग ते मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुमी शिकलेले. तुमी सांगा. काल आत गेली तसी आज भाईर निघन का नाई?"

 उत्तर मास्तरांना लगेच सुचले होते. दुसऱ्या दिवशी नव्हे, आत्ताच, जागच्या जागी. ते उत्तर साधे होते आणि खरे होते, भिंतीला टेकून उभे होते. प्रश्न विचारला गेला आणि उत्तर येत असले तर ते दिलेच पाहिजे, असे त्यांनी सारा जन्म पोरांना शिकवले होते. त्यांनी तोंड उघडले.

ओसरीवर चतुराबाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पाठमोरी विजयमाला होती. केसांची गाठ सुटलेली होती आणि चतुराबाई तेलाच्या वाटीत बोटे बुडवून तशाच थांबल्या होत्या, भोंगा वाजायची वाट पाहत असल्यासारख्या.

"मला मोटारीतलं काही कळत नाही, व्याही," मास्तर म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आजवर शेकडो वेळा, निरनिराळ्या गोष्टींबद्दल, अगदी मनापासून उच्चारले होते. आज पहिल्यांदाच ते खोटे होते, आणि नेहमीप्रमाणे सर्वांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला.

उकंडरावांनी भिंतीला टेकलेल्या बांबूंकडे पाहिले. मग ओसरीकडे पाहिले. एकदा मोटारीकडे पाहिले. तिच्या दुमडलेल्या टपावर रंगूबाईंनी सकाळीच कुरडयांचे सूप ठेवलेले होते. भोंगा वाजवायचा तर आत शिरायला हवे होते, आणि आत शिरायचे तर टपावरचे सूप उचलावे लागले असते.

"मंग," ते म्हणाले आणि पागोटे काढून खुंटीला लावले, "तुळशीचं लगन कधी हाय म्हन्ता?"

ओसरीवर थांबलेली बोटे केसांत गेली.